विश्लेषण : ई-वाहनाच्या बॅटरीची टक्केवारी मोजलेली की अंदाजलेली? ‘फ्युएल गेज’ला आधी शिकवावे का लागते?

विजेवरच्या दुचाकी, रिक्षा आणि मोटारी वाढत आहेत. त्यांच्या पडद्यावरील टक्केवारीवर आता केवळ प्रवास नव्हे, तर बॅटरीची हमी आणि जुन्या वाहनाची किंमतही अवलंबून राहू लागली आहे. मात्र हा आकडा थेट मोजलेला नसतो, तो हिशोबाने काढलेला अंदाज असतो. तो कसा काढला जातो, पहिल्या वापराआधी यंत्रणेला काय शिकवावे लागते आणि त्याची पडताळणी कोणी करायची, याविषयी…

पडद्यावर बॅटरी १८ टक्के दिसत असताना स्कूटर चढावर अचानक मंदावते आणि आकडा थेट तीनवर येतो. नवा बॅटरी पॅक बसवलेली रिक्षा दिवसभर ‘फुल’ दाखवते आणि संध्याकाळी काहीच इशारा न देता थांबते. अशा वेळी दोष बहुधा बॅटरीला दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा बॅटरी जशी असायला हवी तशीच असते. चुकलेली असते ती तिचा हिशोब ठेवणारी यंत्रणा, म्हणजे ‘फ्युएल गेज’.

टक्केवारी मोजली जाते की ठरवली जाते?

पेट्रोलच्या टाकीत तरंगणारा फ्लोट असतो. इंधन खाली गेले की तो खाली जातो आणि काटा हलतो. बॅटरीत अशी पातळी नसते. चार्ज करताना आणि वापरताना लिथियमचे आयन सेलच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जात असतात. किती आयन कोणत्या बाजूला आहेत, हे चालत्या वाहनात आत डोकावून पाहण्याची सोय नाही.

गेजच्या चिपला बाहेरून तीनच गोष्टी मोजता येतात : व्होल्टेज, विद्युतप्रवाह आणि तापमान. बाकी सारे गणित असते. टक्केवारी म्हणजे शिल्लक चार्ज भागिले एकूण क्षमता. गंमत अशी की यातील वरचा आकडा अंदाजाने काढावा लागतो आणि खालचा आकडा बॅटरीच्या वयानुसार घटत जातो.

समजा ३० अँपिअर-तास क्षमतेचा पॅक जुना होऊन २४ अँपिअर-तासांवर आला. गेजला ही घट कळलीच नाही, तर २४ अँपिअर-तास वापरून बॅटरी रिकामी झाल्यावरही त्याच्या हिशोबाने सहा शिल्लक राहतात. म्हणजे पडद्यावर २० टक्के आणि बॅटरीत काहीच नाही. मग व्होल्टेज कोसळू लागते, संरक्षण यंत्रणा वीज तोडण्याच्या बेतात येते आणि गेज घाईघाईने आकडा खाली आणते. ‘२० टक्के असताना गाडी बंद पडली’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच घडलेले असते.

हा अंदाज नेमका कसा बांधला जातो?

त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली व्होल्टेजवरून. मोटारी व अनेक स्कूटरमधील निकेल-मँगनीज-कोबाल्ट (एनएमसी) प्रकारचा सेल पूर्ण भरल्यावर सुमारे ४.२ व्होल्ट दाखवतो आणि रिकामा होताना ३ व्होल्टच्या आसपास येतो. सेल काही तास स्वस्थ असेल, तर त्याच्या व्होल्टेजवरून शिल्लक चार्ज बऱ्यापैकी सांगता येतो. पण वाहन पळत असताना हे जमत नाही. चढावर प्रवाह वाढला की सेलच्या अंतर्गत रोधामुळे व्होल्टेज दबते, ब्रेक लावताना वीज परत येते तेव्हा ते वर जाते.

दुसरी पद्धत प्रवाह मोजण्याची. बॅटरीच्या वाटेत ‘शंट’ नावाचा अत्यंत कमी रोधाचा तुकडा बसवतात. त्याचा रोध एक मिलिओहम असेल, तर ५० अँपिअर प्रवाहाला त्यावर ५० मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा विसावा भाग दिसतो. चिप हे मापन सतत करत राहते आणि किती चार्ज आत आला, किती बाहेर गेला याची बेरीज-वजाबाकी ठेवते.

ही पद्धत चालत्या वाहनात चांगली चालते, पण चूक साठवत जाते. चिप शून्य प्रवाहालाही २० मिलिअँपिअर समजत असेल, तर २४ तासांत ०.४८ अँपिअर-तासांची खोटी नोंद होते. ३० अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये ती दिवसाला १.६ टक्के ठरते. दुरुस्ती झालीच नाही, तर दहा दिवसांत फरक १६ टक्क्यांवर जातो.

म्हणून चांगले गेज दोन्ही पद्धती वापरते. दुकानदार दिवसभर वहीत जमाखर्च मांडतो आणि रात्री गल्ला मोजून वही जुळवतो, तसाच हा प्रकार. प्रवाहाची नोंद ही वही. विसाव्यानंतरचे व्होल्टेज आणि पूर्ण चार्ज झाल्याची खूण हा गल्ला. गल्ला मोजायची संधीच मिळाली नाही, तर वही कितीही नीट लिहिली तरी भरकटतेच.

पहिल्या वापराआधी गेजला काय शिकवावे लागते?

कोरी चिप कोणत्याही बॅटरीला जोडली, तर ती अचूक आकडा देऊ शकत नाही. तिला आधी बॅटरीची ओळख करून द्यावी लागते. सेलचा रासायनिक प्रकार कोणता, एकामागे एक किती सेल जोडले आहेत, नव्या पॅकची क्षमता किती, किती व्होल्टेजला बॅटरी रिकामी समजायची आणि चार्जिंगचा प्रवाह किती खाली आला की पूर्ण भरली म्हणायचे, ही माहिती तिच्यात भरली जाते. यातली एकही बाब चुकली, तर पुढचे सारे गणित चुकते.

दुसरा टप्पा मापन जुळवण्याचा, म्हणजे कॅलिब्रेशनचा. प्रवाह पूर्ण बंद ठेवून चिपला ‘शून्य’ कोणते ते दाखवतात. मग विश्वासार्ह मीटरने मोजलेला ठरावीक प्रवाह सोडून तिचे वाचन त्याच्याशी जुळवतात. व्होल्टेज आणि तापमानाचेही तसेच. शंट आणि त्याची जोडणी प्रत्येक पॅकमध्ये किंचित वेगळी असते. त्यामुळे हे काम प्रत्येक पॅकवर स्वतंत्रपणे झाले तर उत्तम.

तिसरा टप्पा शिकण्याच्या फेरीचा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘इम्पिडन्स ट्रॅक’ पद्धतीच्या चिप मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात. त्यांच्यासाठी ही फेरी साधारण अशी असते : पॅक पूर्ण चार्ज करायचा, सुमारे दोन तास स्वस्थ ठेवायचा, मग साधारण पाच तासांत संपेल अशा बेताच्या प्रवाहाने रिकामा करायचा आणि पुन्हा सुमारे पाच तास स्वस्थ ठेवायचा. दोन विसाव्यांतील व्होल्टेज आणि मधल्या काळात बाहेर पडलेला चार्ज यांवरून चिप एकूण क्षमता काढते. रिकामे होत असताना कोणत्या पातळीला अंतर्गत रोध किती, याचा तक्ताही ती तयार करते. यात एक संपूर्ण दिवस सहज जातो.

कारखान्यात प्रत्येक पॅकवर इतका वेळ घालवणे परवडत नाही. म्हणून काही नमुना पॅकवर फेरी पूर्ण करून चिपने शिकलेली माहिती उरलेल्या पॅकमध्ये उतरवली जाते. सारे सेल एकाच प्रकारचे आणि एकाच दर्जाचे असतील तोवर ही युक्ती ठीक चालते. मधेच सेलचा पुरवठादार बदलला आणि जुनीच माहिती उतरवत राहिले, तर नव्या पॅकचे गेज पहिल्याच दिवसापासून दुसऱ्याच बॅटरीचा हिशोब सांगू लागते.

एलएफपी बॅटरीत अडचण का वाढते?

लिथियम आयर्न फॉस्फेट (एलएफपी) सेल तुलनेने सुरक्षित, टिकाऊ आणि स्वस्त आहेत. त्यात कोबाल्ट आणि निकेल लागत नाही. त्यामुळे मोटारी, बस आणि तीनचाकींत त्यांचा वापर वाढला आहे. मात्र गेजच्या दृष्टीने हा सेल अवघड. मधल्या मोठ्या टप्प्यात, ढोबळमानाने २० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान, त्याचे व्होल्टेज ३.२ ते ३.३५ व्होल्टच्या अरुंद पट्ट्यातच राहते. विसाव्यानंतर व्होल्टेज पाहूनही बॅटरी ४० टक्के आहे की ६० टक्के, हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे गल्ला मोजायला जावे तर नोटांवरचे आकडेच पुसट दिसावेत, अशी स्थिती.

अशा बॅटरीत हिशोब जुळवण्याची भरवशाची जागा दोन टोकांनाच असते आणि त्यातले वरचे टोक अधिक सोयीचे. टेस्ला कंपनीने एलएफपी बॅटरी असलेल्या मोटारींच्या मालकांना आठवड्यातून किमान एकदा १०० टक्के चार्ज करण्याचा सल्ला दिला आहे, तो यामुळेच. एनएमसी बॅटरीसाठी मात्र रोजच्या वापरात ८०-९० टक्क्यांवर थांबण्याचा सल्ला दिला जातो. एकाच शहरातील दोन वाहनमालकांना दोन उलट सल्ले मिळतात, त्याचे कारण सेलचा वेगळा प्रकार.

बॅटरी बदलल्यावर आकडा का चुकतो?

ई-रिक्षांत हा प्रश्न ठळकपणे दिसतो. अनेक जुन्या ई-रिक्षांत १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात आणि पडद्यावरील दर्शक केवळ व्होल्टेज पाहून पट्ट्या दाखवतो. पूर्ण भरलेला असा ४८ व्होल्टचा संच स्वस्थ असताना सुमारे ५१ व्होल्ट दाखवतो. त्याच्या जागी १६ सेलचा एलएफपी पॅक बसवला की जवळपास सारा वेळ व्होल्टेज ५१ च्या वर राहते. जुना दर्शक त्याला ‘फुल’ समजतो. शेवटी व्होल्टेज झपाट्याने घसरते, पॅकमधील संरक्षण यंत्रणा वीज तोडते आणि प्रवासी बसलेली रिक्षा रस्त्यातच थांबते. पॅक बदलताना त्याच्याशी जुळणारा दर्शकही बदलणे, हा खर्च टाळण्यासारखा नसतो.

आधुनिक स्कूटरमध्येही पॅक बदलल्यावर, मोठी दुरुस्ती झाल्यावर किंवा गाडी काही महिने बंद राहिल्यावर पहिल्या काही फेऱ्यांत आकडा डळमळू शकतो. त्या काळात दाखवलेल्या अंतरापेक्षा बराच कमी प्रवास गृहीत धरलेला बरा.

ग्राहकाने नेमके काय करावे?

नवे उपकरण आधी आठ तास चार्ज करून मगच वापरायचे, हा सल्ला अजून घरोघरी दिला जातो. तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम-आयन सेलला अशा ‘संस्कारा’ची गरज नसते. पहिल्यांदा पूर्ण चार्ज केल्याचा लाभ होतो तो गेजला, कारण वरचे टोक कोणते हे त्याला कळते.

वाहनाच्या पुस्तिकेत वेगळी सूचना असेल तर तीच पाळावी. एरवी काही साध्या सवयी उपयोगी पडतात. महिन्यातून एखाद्या वेळी पूर्ण चार्ज करून चार्जर आपोआप थांबेपर्यंत जोडलेला ठेवावा. अनेक पॅकमध्ये सेलची पातळी एकसारखी करण्याचे काम याच शेवटच्या टप्प्यात होते. त्यानंतर गाडी एक-दोन तास उभी राहू द्यावी. अधूनमधून बॅटरी १५-२० टक्क्यांपर्यंत खाली जाऊ द्यावी, म्हणजे गेजला क्षमतेचा मोठा पल्ला पाहायला मिळतो. कॅलिब्रेशनच्या नावाखाली ती वारंवार शून्यावर नेणे मात्र बॅटरीच्या आयुष्याला घातक. दररोज ४० ते ७० टक्क्यांच्या दरम्यानच घुटमळणाऱ्या बॅटरीचे आयुष्य वाढते, पण तिच्या गेजला हिशोब जुळवण्याची संधी क्वचित मिळते.

आकड्याची घरगुती पडताळणीही शक्य आहे. भिंतीवरील सॉकेट आणि चार्जर यांच्यात युनिट मोजणारा साधा प्लग मीटर लावायचा. तीन किलोवॉट-तासांची बॅटरी २० वरून १०० टक्क्यांवर नेताना तिच्यात २.४ युनिट जायला हवेत. चार्जरमधील घट धरून मीटरवर साधारण २.७ युनिटच्या आसपास आकडा यावा. तो दोनच युनिट आला, तर बॅटरीची क्षमता तरी घटली आहे किंवा गेज तरी चुकत आहे. दोन्ही परिस्थितींत सेवा केंद्राला प्रश्न विचारायला ठोस आधार मिळतो.

आकडा चुकला तर नुकसान कोणाचे?

रस्त्यात अडकणे हे नुकसान लगेच दिसते. दिवसाच्या फेऱ्यांवर पोट असलेला रिक्षाचालक किंवा घरपोच वस्तू पोहोचवणारा कामगार यांच्यासाठी दोन तासांचा खोळंबाही मोठा. पण त्याहून मोठा प्रश्न बॅटरीच्या ‘आरोग्या’चा आहे. नवी असताना होती त्याच्या किती टक्के क्षमता उरली, हे सांगणारा हा दुसरा आकडा. तोही गेजच काढते, तोही अंदाजच असतो.

ॲपलने २०२१ मध्ये आयओएस १४.५ सोबत आयफोन ११ मालिकेतील फोनची बॅटरी-आरोग्याची नोंद पुन्हा कॅलिब्रेट करण्याची सोय दिली. काही ग्राहकांना बॅटरीच्या आरोग्याचे चुकीचे अंदाज दिसत होते आणि ती जुळणी व्हायला काही आठवडे लागू शकतात, असे कंपनीने तेव्हा स्पष्ट केले होते. फोनमध्ये ही गैरसोय ठरते. ई-वाहनात बॅटरी हाच सर्वांत महागडा सुटा भाग असल्याने तोच आकडा हजारो, मोटारींच्या बाबतीत लाखो रुपयांचा होतो.

अनेक कंपन्या क्षमता ठरावीक मर्यादेच्या, उदाहरणार्थ ७० टक्क्यांच्या खाली गेल्यास बॅटरी बदलून देण्याची हमी देतात. पण ७१ की ६९ हे सांगणार कोण? तर त्याच कंपनीच्या पॅकमधील, त्याच कंपनीने शिकवलेले गेज. पडद्यावरील शून्य आणि शंभर म्हणजे सेलची खरी टोके नसतात, हेही लक्षात घ्यायला हवे. सुरक्षेसाठी वर आणि खाली थोडी जागा राखून ठेवली जाते. ती किती, हे सॉफ्टवेअर ठरवते आणि अपडेटद्वारे ते बदलताही येते. राखीव जागा हळूहळू कमी करत गेले, तर क्षमता घटूनही ग्राहकाला काही काळ ती घट जाणवणार नाही. हमी देणारा आणि मोजणारा एकच असणे, ही यातली खरी मेख आहे.

जुन्या वाहनाच्या खरेदीत हीच अडचण समोर येते. पेट्रोलच्या गाडीचे इंजिन अनुभवी मेकॅनिक आवाजावरून ओळखतो. बॅटरीला आवाज नसतो. खरेदीदाराच्या हाती येतो तो पडद्यावरचा आकडा.

नियम काय सांगतात?

मार्च २०२२ मध्ये पुण्यासह देशात काही ठिकाणी ई-स्कूटरना आगी लागल्यानंतर केंद्राने ‘एआयएस-१५६’ या मानकात सुधारणा केल्या. त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून दोन टप्प्यांत लागू झाल्या. सेलचा दर्जा, बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा, चार्जर आणि सेलमधील शॉर्टसर्किटमुळे आग पसरू नये, यासाठीच्या तरतुदी त्यात आहेत. त्यांचा भर सुरक्षेवर आहे. टक्केवारी आणि आरोग्याचा आकडा किती अचूक हवा, हा त्यांचा मुख्य विषय नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या मसुद्यात प्रत्येक बॅटरी पॅकला आधारसारखा २१ अक्षरांकी क्रमांक देण्याचा प्रस्ताव आहे. त्यामुळे बॅटरीचा उगम आणि पुढचा प्रवास शोधता येईल. मात्र ओळख पटणे वेगळे आणि तिची उरलेली क्षमता पडताळणे वेगळे.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमनाने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले. ई-वाहने आणि हलक्या वाहनांच्या बॅटरीतील आरोग्याची अद्ययावत माहिती व्यवस्थापन यंत्रणेत असावी आणि बॅटरी कायदेशीररीत्या विकत घेणाऱ्याला ती वाचता यावी, ही तरतूद १८ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाली. फेब्रुवारी २०२७ पासून तेथे ‘बॅटरी पासपोर्ट’ही लागू होणार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर मार्च २०२२ मध्ये स्वीकारलेल्या जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २२ नुसार मोटारीच्या बॅटरीत पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरनंतर ८० टक्के, तर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरनंतर ७० टक्के ऊर्जा उरायला हवी. शिवाय वाहनाने दाखवलेला आकडा प्रत्यक्ष चाचणीशी ताडून पाहण्याची पद्धतही त्यात दिली आहे. म्हणजे बॅटरीबरोबर गेजचीही परीक्षा. दुचाकी आणि तीनचाकी मात्र त्याच्या कक्षेत नाहीत आणि भारतात विजेवर चालणाऱ्या वाहनांत त्यांचाच भरणा मोठा आहे.

पुढे काय?

महाराष्ट्राने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ई-वाहन धोरणात खरेदी सवलतींबरोबर मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विद्युत मोटारी आणि बसना टोलमाफी देण्यात आली. लांबच्या प्रवासाला उत्तेजन मिळाले की टक्केवारीवर टाकलेला विश्वासही वाढतो. आज विकली जाणारी वाहने काही वर्षांत जुन्या बाजारात येतील आणि तेव्हा बॅटरीच्या आकड्यावरून वाद वाढतील.

मोजमापाबाबत अविश्वास नको म्हणून राज्याने उभी केलेली व्यवस्था नवी नाही. पेट्रोल पंपाच्या यंत्राची वैधमापन विभागाकडून तपासणी होऊन त्यावर शिक्का बसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबई महानगरात रिक्षा-टॅक्सीचे भाडे वाढले तेव्हा प्रत्येक मीटर नव्याने कॅलिब्रेट करून घ्यावे लागले. बॅटरीच्या गेजला असा त्रयस्थ साक्षीदार नाही. उद्या बॅटरी अदलाबदल केंद्रात परत आलेल्या पॅकमधील शिल्लक पाहून पैसे आकारले जाऊ लागले, तर हे गेज अक्षरशः बिलाचे मीटर होईल.

वाहन प्रमाणीकरणाचे काम करणारी एआरएआय पुण्यातच आहे. तेव्हा चाचणीची क्षमता राज्याबाहेर शोधावी लागणार नाही. गरज आहे ती तीन गोष्टींची : आरोग्याचा आकडा मालकाला मोफत वाचता यावा, तो किती अंशांनी चुकू शकतो याची मर्यादा ठरावी आणि हमीवरून वाद झाल्यास कंपनीबाहेरच्या प्रयोगशाळेत पॅक मोजून घेता यावा. गेजला बॅटरीची ओळख कारखाना करून देतो. ती ओळख बरोबर आहे की नाही, हे तपासण्याचा अधिकार मात्र पैसे मोजणाऱ्याकडे असायला हवा.